उघडे दार आणि जागता पहारा



अनेक हातांनी विनामोबदला उभारलेल्या कार्याची सुरक्षितता कशात असते? नियमांत, की माणसांत? २०२४ साली संगणकविश्वात घडलेली एक घटना या दृष्टीने विचार करण्याजोगी आहे.

जगातील असंख्य सर्व्हर लिनक्स या मुक्त प्रणालीवर चालतात. भारतातीलही त्यात आले. तिच्या घटकांपैकी ‘एक्सझेड युटिल्स’ हा एक. माहिती आवळून कमी जागेत बसविणे, एवढेच त्याचे काम. त्याची देखभाल वर्षानुवर्षे प्रामुख्याने एकच स्वयंसेवक फावल्या वेळात करीत असे. २०२१ मध्ये ‘जिया टॅन’ या नावाने एक साहाय्यक पुढे आला. काम नेटके, वागणे नम्र. २०२२ मध्ये काही अनोळखी नावांनी मूळ स्वयंसेवकामागे तगादा सुरू झाला: काम संथ आहे, अधिकार दुसऱ्याला द्या. थकलेल्या माणसाने हळूहळू अधिकार सोपविले.

फेब्रुवारी २०२४ मध्ये ५.६.० ही आवृत्ती आली, तीत चोरवाट होती. तिच्याद्वारे परक्याला सर्व्हरचा ताबा घेता आला असता. ही चोरवाट उघडणारी कळ सर्वांना दिसणाऱ्या संहितेत नव्हतीच. ती वितरणाच्या गठ्ठ्यात घातली होती. उरलेला भाग चाचणीच्या फायलींत दडविला होता. दार उघडे होते, पण पाहणारे भलतीकडेच पाहत होते.

आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला सर्व्हरवर प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, असे जाणवले. त्याने दुर्लक्ष केले नाही. मुळाशी जाऊन २९ मार्च २०२४ रोजी त्याने सारे उघड केले. प्रमुख वितरणांच्या स्थिर आवृत्त्यांत हे विष भिनण्यापूर्वीच ते रोखले गेले. ‘जिया टॅन’ कोण, हे मात्र आजवर उघड झालेले नाही.

यावरून दारे बंद करावीत, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. संहिता खुली होती, म्हणूनच फ्रॉइंडला माग काढता आला. वितरित होणारी प्रत मूळ संहितेशी ताडून पाहणे आणि महत्त्वाच्या बदलावर दुसऱ्या जाणत्याची नजर असणे, ही पथ्ये आवश्यकच आहेत. परंतु हल्ल्याची सुरुवात यंत्रावर झाली नव्हती. ती एका माणसाच्या एकाकीपणावर झाली होती. त्याने घडविलेली वस्तू सारे जग फुकट वापरत होते. त्याचा भार हलका करण्यास मात्र फारसे कोणी आले नाही, आणि जो आला तो घातकी निघाला.

ज्याच्यावर सारे विसंबून आहेत, तो एकटा तर पडला नाही ना, याची वेळीच विचारपूस करणे, हाच पहिला पहारा होय.