मंदावलेला लॅपटॉप आणि घरातले दप्तर



१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी आगगाडी धावली आणि पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ रोजी, लोहमार्ग कल्याणपर्यंत येऊन पोहोचला. तेव्हापासून या पट्ट्यातील माणसाचे आयुष्य घड्याळाशी बांधले गेले आहे. डोंबिवलीच्या फलाटावर गाडी चार मिनिटे उशिरा आली की तिची चर्चा ठाण्यापर्यंत चालते. परंतु त्याच प्रवाशाच्या घरातील लॅपटॉप सुरू होण्यास दहा मिनिटे घेऊ लागला, तर मात्र तो निमूटपणे चहा करावयास उठतो. यंत्र म्हातारे झाले, असा निष्कर्ष काढून मोकळा होतो. हा निष्कर्ष पुष्कळदा चुकीचा असतो आणि त्याची किंमत मोठी पडते.

किंमत केवळ नव्या यंत्राची नव्हे. २०२० सालच्या टाळेबंदीत शाळा घरात आली तेव्हा अनेक कुटुंबांनी ओढाताण करून, कित्येकांनी वापरलेला का होईना, पण लॅपटॉप घेतला. मुलांचा अभ्यास, प्रवेशअर्ज, शिष्यवृत्तीची कागदपत्रे, वीजबिलांच्या पावत्या हे सारे त्या एका पेटीत जमा होत गेले. नागरी सेवांचे संगणकीकरण प्रारंभीच हाती घेणाऱ्या राज्यातील महापालिकांत कल्याण-डोंबिवलीची गणना होते. २००१ पासून एमएस-सीआयटीच्या वर्गांतून संगणकाची ओळख घरोघरी गेली आणि २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमानंतर दाखल्यांसाठी ऑनलाइन अर्ज करण्याची सवय वाढत गेली. अशा वेळी प्रवेशअर्जाच्या शेवटच्या रात्री यंत्र अडून बसले तर विद्यार्थ्याचे वर्ष पणाला लागते. घरातील लॅपटॉप हे आता त्या घराचे दप्तर झाले आहे, आणि दप्तर नीट ठेवावे लागते.

यंत्र मंदावते म्हणजे नेमके काय होते? प्रोसेसर वयाबरोबर फारसा मंद होत नाही. त्याच्या मागणीप्रमाणे माहिती आणून देणारी जी साठवण असते, तेथे बहुधा खोळंबा होतो. अनेक जुन्या लॅपटॉपमध्ये फिरती हार्ड डिस्क असते. तिची चकती मिनिटाला सामान्यतः ५,४०० फेरे घेते, म्हणजे एका फेरीस सुमारे ११ सहस्रांश सेकंद लागतात. वाचणारी सुई योग्य जागी सरकण्यास साधारण तितकाच वेळ आणखी जातो. हिशेब केला तर वेगवेगळ्या जागी विखुरलेले तुकडे वाचावयाचे असता ही डिस्क सेकंदाला जेमतेम साठ-सत्तर ठिकाणी पोहोचते. संगणक सुरू होताना मात्र हजारो लहान फाइली वाचाव्या लागतात.

तुकडे विखुरतात कसे, हे सकाळच्या गाडीवरून ध्यानात येईल. सहा जणांचे कुटुंब डोंबिवलीस भरलेल्या गाडीत चढते. एकत्र जागा कोठेच नसते, म्हणून दोघे एका डब्यात, एक दारात, तिघे आणखी कोठे, असे ते चढतात. ठाण्यास उतरल्यावर सर्वांना गोळा करण्यात दहा मिनिटे जातात. डिस्क भरत आली की मोठ्या फाइलीचीही हीच गत होते. जागा सापडेल तेथे तिचे तुकडे ठेवले जातात आणि वाचताना ते शोधत फिरावे लागते. हे तुकडे पुन्हा शेजारी आणून बसविणे यास डिफ्रॅगमेंटेशन म्हणतात. विंडोजमध्ये ही सोय अंगभूत असून ‘ऑप्टिमाइझ ड्राइव्ज’ या नावाने ती सापडते. पण गाडीत मुंगीलाही शिरण्यास वाव नसेल तर माणसे हलवून बसविणार तरी कशी? म्हणून आधी जागा मोकळी करावयाची आणि मगच मांडणी. डिस्कचा साधारण पाचवा-सहावा हिस्सा रिकामा राहील असे पाहणे इष्ट.

आणखी एक कारण आहे. कामाचे टेबल लहान असले की कागद तात्पुरते कपाटात ठेवावे लागतात. मेमरी चार जीबी असलेला लॅपटॉप ब्राउझरची दहा पाने उघडताच असाच डिस्कचा आधार घेऊ लागतो. कपाटही भरलेले असले की दोन्हींकडून कोंडी होते.

आता सफाई. पण तिच्याही आधी बॅकअप. घरातील कोणालाही परत मिळविता येणार नाही अशी जी सामग्री असेल, म्हणजे छायाचित्रे, गुणपत्रिका, भाडेकरार, तिची एक प्रत बाहेरील डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर काढावी. ती प्रत दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावी. न उघडणाऱ्या प्रतीवर विसंबून मूळ फाइल पुसून बसलेली माणसे थोडी नाहीत.

त्यानंतर कचरा बहुधा तीनचार ठराविक जागीच सापडतो. ‘डाऊनलोड्स’ या फोल्डरमध्ये एकाच अर्जाच्या पाच-पाच प्रती आणि व्हॉट्सॲपवरून उतरविलेल्या चित्रफिती पडून असतात. रिसायकल बिनमध्ये टाकलेली फाइल बिन रिकामी होईपर्यंत जागा अडवूनच ठेवते. कार्यक्रमांनी मागे सोडलेल्या तात्पुरत्या फाइली व मोठ्या अपडेटनंतर उरलेली विंडोजची जुनी प्रत ‘डिस्क क्लीनअप’ किंवा सेटिंग्जमधील ‘स्टोरेज’ या सोयीने काढता येते. या जुन्या प्रतीनेच कित्येक जीबी व्यापलेले असतात. मात्र काढावयाच्या वस्तूंच्या यादीत काही वेळा ‘डाऊनलोड्स’चेही नाव असते. वाचल्याविना सर्व चौकटींवर खूण केली तर कचऱ्याबरोबर प्रवेशपत्रही जाते. यंत्र सुरू होताच आपोआप उघडणाऱ्या कार्यक्रमांची यादी टास्क मॅनेजरमध्ये असते. त्यांतील अनावश्यक बंद केले की फरक दुसऱ्याच सकाळी जाणवतो.

‘एका क्लिकमध्ये दसपट वेग’ देणारे फुकट सॉफ्टवेअर यात कोठेही लागत नाही. असे पुष्कळ कार्यक्रम स्वतःच यंत्रावर ओझे होतात. ‘तुमच्या संगणकात दोष आहे’ असा दूरध्वनी करून यंत्राचा ताबा मागणारा कोणीही असो, त्याला नकार द्यावा.

लॅपटॉपमध्ये फिरत्या चकतीऐवजी एसएसडी असेल तर गोष्ट निराळी. तीत फिरणारा भाग नसल्यामुळे विखुरलेले तुकडे वाचण्यास वेगळा वेळ लागत नाही. उलट वारंवार डिफ्रॅग केल्यास तिच्या मर्यादित लेखनक्षमतेचा व्यर्थ व्यय होतो. कोणती जागा मोकळी झाली हे एसएसडीला कळविणारी ‘ट्रिम’ ही क्रिया विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून, व्यवस्थेतच आहे. पूर्ण भरलेली एसएसडीही मंदावते, त्यामुळे जागा राखण्याचा नियम तिलाही लागू आहे.

एका प्रसंगी मात्र यांपैकी काहीच करू नये. डिस्कमधून कट-कट असा आवाज येतो, फाइल उघडण्यास मिनिटे लागतात किंवा यंत्र मधूनच गोठते, तेव्हा ती डिस्क मंद नसून आजारी असण्याचा संभव असतो. अशा डिस्कवर डिफ्रॅग लावणे म्हणजे ताप असलेल्या माणसाला धावावयास लावणे होय. अत्यंत महत्त्वाच्या फाइली प्रथम उतरवून घ्याव्यात आणि यंत्र बंद करावे. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत कल्याण-डोंबिवली परिसरातील असंख्य घरांत पाणी शिरले, कपाटांतील कागद लगद्यासारखे झाले. खाडी आणि उल्हास नदीच्या काठच्या या शहरांनी आपले आजचे दप्तर जमिनीलगतच्या कप्प्यात ठेवू नये, हे ओघानेच आले. भिजलेला लॅपटॉप ‘चालतो का’ हे पाहण्यासाठी सुरू करू नये.

सफाई करूनही वेग न आल्यास फिरती डिस्क काढून एसएसडी बसविणे हा उपाय नव्या लॅपटॉपच्या किंमतीच्या लहानशा अंशात होतो आणि त्याचा गुण सर्वांत अधिक येतो. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-अद्ययावतता १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली असल्याने, खर्च करण्यापूर्वी ते यंत्र विंडोज ११ पेलू शकते की नाही हे तपासावे. पेलत नसेल तर लिनक्सचाही विचार करता येतो.

काढलेली जुनी डिस्क भंगारवाल्याला देण्याची घाई करू नये, कारण केवळ पुसलेल्या फाइली तिच्यावरून पुन्हा वाचता येतात. तिचा ‘स्मार्ट’ अहवाल निर्दोष असेल तर ती बाहेरील पेटीत बसवून छायाचित्रांची दुसरी प्रत ठेवण्यास वापरावी. सदोष असेल तर तिच्यावरील माहिती पूर्णपणे नष्ट करून ती अधिकृत ई-कचरा संकलकाकडेच द्यावी.