पाठीचे दुखणे आणि अंथरूण

उज्जैनचे भैरवगढ क्षिप्रेच्या काठी कापड छापणाऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे. वितळलेल्या मेणाची नक्षी काढून रंगविलेल्या तेथील चादरी दूरवर जातात. पण चादर कितीही देखणी असली, तरी पाठीला आधार द्यावयाचा तो तिच्याखालच्या गादीने. पूर्वी हा प्रश्न पिंजारी सोडवीत असे. कापूस दबून गाठी झाल्या, की तो पिंजून गादी पुन्हा भरावयाची. आता गादीवर घालावयाचे फोमचे थर दुकानांत आले आहेत आणि गिऱ्हाईक गोंधळते.

साधा पॉलियुरेथेन फोम स्वस्त. पण हलक्या प्रतीचा असल्यास लवकर बसतो. अमेरिकेत १९६६ साली नासा या संस्थेसाठी विमानातील आसनांकरिता तयार झालेला मेमरी फोम अंगाच्या उष्णतेने मऊ होतो आणि खांदा, कंबर यांवरील दाब हलका करतो. मात्र तो ऊब धरून ठेवतो, आणि माळव्याच्या वैशाखात ही ऊब कोणाला हवी आहे? रबराच्या चिकापासून केलेला लॅटेक्स महाग व जड खरा; परंतु लवचीक व हवेशीर असल्यामुळे या हवेला तोच बरा.

अंथरूण जितके कठीण तितके पाठीला चांगले, हा समज मात्र सोडावा. स्पेनमध्ये कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांवर झालेल्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कठीण गादीपेक्षा मध्यम कठीण गादीने अधिक आराम पडला. मुळात खचलेल्या गादीवर नवा थर घालणे व्यर्थ होय. तोही तिच्याबरोबर खचतो. पायात बधिरपणा असल्यास दुकानाआधी डॉक्टरांकडे जावे. आणि थर जाड घेतला, तर घरातली भैरवगढची जुनी चादर कडेला खोचावयास पुरत नाही.