आधी शिक्षक, मग संगणक



देशाच्या तंत्रज्ञानविषयक इतिहासात नंदुरबार जिल्ह्याचे नाव एकदा ठळकपणे नोंदले गेले आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातील टेंभली या लहानशा गावी ‘आधार’ योजनेचा शुभारंभ झाला आणि देशातील पहिले आधार क्रमांक तेथील ग्रामस्थांना मिळाले. पुढे एकशे तीस कोटींहून अधिक नागरिकांपर्यंत पोहोचलेल्या एका प्रचंड व्यवस्थेचा आरंभ महाराष्ट्राच्या या टोकाच्या जिल्ह्यात झाला. बोटांचे ठसे आणि बुबुळांची नोंद घेणारे यंत्र त्या दिवसांत गावात आले, तेव्हा त्याची गावकऱ्यांकडून अपेक्षा एवढीच होती, की त्यांनी क्षणभर स्थिर बसावे. यंत्र कसे चालते, हे गावाला ठाऊक नसले तरी त्याचे काम अडणार नव्हते.

शाळेत येणाऱ्या संगणकाची गोष्ट मात्र वेगळी आहे. तेथे मूल आणि शिक्षक स्वस्थ बसून राहिले, तर यंत्र काहीच करू शकत नाही. म्हणून जिल्हा परिषदेच्या शाळांत कोडिंग आणि तंत्रज्ञान आणण्याचा विचार करताना पहिला प्रश्न यंत्रांच्या संख्येचा नाही, तर शिक्षकाच्या तयारीचा आहे.

जिल्ह्याचे वास्तव

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार येथील सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. त्याच जनगणनेत राज्याचे साक्षरतेचे प्रमाण ८२ टक्क्यांच्या पुढे गेलेले असताना नंदुरबारचे प्रमाण ६४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे राज्यात सर्वांत कमी होते. जानेवारी २०१८ मध्ये केंद्र सरकारने आकांक्षित जिल्ह्यांची योजना सुरू केली, तेव्हा महाराष्ट्रातून गडचिरोली, वाशीम आणि उस्मानाबाद यांच्यासह नंदुरबारची निवड झाली.

या आकड्यांमागे डोंगर आहेत, विखुरलेले पाडे आहेत आणि पोटासाठी होणारे स्थलांतर आहे. अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील कित्येक वस्त्यांपर्यंत पावसाळ्यात पोहोचणे कष्टाचे असते. दिवाळी सरली, की अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातची वाट धरतात आणि त्यांच्यासोबत शाळेच्या पटावरील मुलेही जातात. घरात भिली, पावरी, मावची बोलणारे मूल शाळेत येते तेव्हा प्रमाण मराठी त्याच्यासाठी जवळजवळ नवी भाषा असते. त्या मुलासमोर इंग्रजी आज्ञांचा संगणक ठेवला, की शिकण्याच्या वाटेवर दोन भाषांचे दोन डोंगर उभे राहतात.

ग्रामीण भागातील १४ ते १८ वर्षे वयाच्या मुलांचा ‘असर’ या संस्थेने २०२३ साली २८ जिल्ह्यांत अभ्यास केला. महाराष्ट्रातून त्यात नंदुरबार जिल्हा होता. या सर्व जिल्ह्यांचे मिळून आलेले निष्कर्ष विचार करायला लावणारे आहेत. दहापैकी जवळजवळ नऊ मुलांच्या घरी स्मार्टफोन होता आणि तो वापरताही येत होता; पण तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याचे साधे उदाहरण निम्म्याहून अधिक मुलांना सोडवता आले नाही. यंत्र हाताळणे आणि विचार करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, याचा याहून स्पष्ट पुरावा शोधण्याची आवश्यकता नाही.

यंत्रे आली, पुढे काय झाले?

शाळेत संगणक आणण्याचे प्रयत्न आपल्या देशात नवे नाहीत. केंद्र सरकारने १९८४ मध्ये निवडक शाळांत संगणक साक्षरतेचा प्रकल्प सुरू केला होता. महाराष्ट्रात २००१ नंतर ‘एमएस-सीआयटी’ हा अभ्यासक्रम घरोघरी पोहोचला. शासकीय सेवेसाठी ती अर्हता आवश्यक ठरली आणि हजारो शिक्षकांनी ती परीक्षा दिली. त्यातून पत्र टंकलिखित करणे, तक्ता बनवणे, महाजालावर माहिती शोधणे या गोष्टी शिक्षकांना आल्या, आणि ही उपलब्धी लहान नव्हे. पण ते कार्यालयाचे संगणकज्ञान होते. चौथीच्या वर्गात अपूर्णांक शिकवताना संगणकाचा उपयोग कोठे करावा आणि कोठे करू नये, हे त्या अभ्यासक्रमाचे उद्दिष्टच नव्हते.

जगाचा अनुभवही हेच सांगतो. प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप, या कल्पनेने दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाने लक्षावधी लॅपटॉप शाळांत वाटले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले, की मुलांच्या काही सामान्य बौद्धिक कौशल्यांवर अनुकूल परिणाम झाला. परंतु गणित आणि भाषा या विषयांतील त्यांची प्रगती वाढली नाही. त्याच कल्पनेचा भारतातील प्रारंभीचा एक प्रयोग २००७ साली रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यात, खैराट-धनगरवाडा येथील छोट्याशा शाळेत झाला होता. अशा शाळेत सारा भार अखेर शिक्षकावरच येतो. यंत्र कितीही चांगले असले, तरी उद्याच्या पाठात त्याचे काय करायचे, हे त्यालाच ठरवावे लागते.

कोडिंग म्हणजे नेमके काय?

‘कोडिंग’ या शब्दाभोवती निष्कारण गूढ निर्माण झाले आहे. एखादे काम लहान-लहान पायऱ्यांत तोडणे, त्या पायऱ्यांचा क्रम लावणे, ‘असे असेल तर हे कर, नाही तर ते कर’ अशी अट घालणे आणि जे पुन:पुन्हा करायचे आहे ते एकदाच सांगून त्याची आवृत्ती करवून घेणे, हा त्याचा गाभा आहे. नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर माल निवडणारी बाई ‘लाल असेल तर या ढिगात, पांढुरकी पडली असेल तर त्या ढिगात’ असा निर्णय दिवसभर घेत असते. ती अटच होय. बांबूची टोपली विणणारा कारागीर एक पट्टी वर, एक खाली हा क्रम शेकडो वेळा करतो. ती आवृत्ती होय. काठीच्या होळीत रात्रभर घुमणाऱ्या ढोलाच्या ठेक्यातही तीच आवृत्ती ऐकू येते. येथील मुलाला ही विचारपद्धती बाहेरून आणून द्यावी लागत नाही. ती त्याच्या घरी, अंगणात आहे, हे शिक्षकाच्या लक्षात यावे लागते.

नियमांची अशी काटेकोर रचना भारतीय परंपरेलाही अपरिचित नाही. पाणिनीने सुमारे चार हजार सूत्रांत संस्कृत भाषेचे व्याकरण बांधले. १९६७ मध्ये पीटर इंगरमन या संगणकतज्ज्ञाने संगणकीय भाषांचे व्याकरण लिहिण्याच्या बॅकस यांच्या पद्धतीला पाणिनीचेही नाव जोडावे, अशी सूचना केली होती. यावरून प्राचीन काळी संगणक होता असा अर्थ कोणी काढू नये. नियमबद्ध विचार हा कोणा एका देशाचा किंवा एका वर्गाचा मक्ता नाही, एवढाच त्याचा बोध आहे.

आता मघाच्या भागाकाराकडे वळू या. भाग द्या, गुणा, वजा करा, पुढचा अंक खाली घ्या. अंक शिल्लक असेपर्यंत हेच पुन्हा करा. प्रत्येक वेळी तपासा, की बाकी भाजकापेक्षा लहान आहे ना? यात क्रम आहे, आवृत्ती आहे, अटही आहे. म्हणजे भागाकार हा स्वतःच एक सुंदर अल्गोरिदम आहे. ज्या शिक्षकाला हे दिसले, तो कोडिंगसाठी वेगळी तासिका मागत बसणार नाही. ते त्याच्या गणिताच्या तासातच येईल. ‘आधी लिहिणे-वाचणे येऊ द्या, कोडिंग कशाला?’ असा आक्षेप घेतला जातो आणि तो प्रामाणिक आहे. त्याचे उत्तर हेच, की नीट शिकवलेले कोडिंग पायाभूत शिक्षणाला मदत करते आणि वाईट शिकवलेले कोडिंग त्याचा वेळ खाते. हा फरक केवळ शिक्षकामुळे पडतो.

अंगणातील त्रिकोण

एक साधे उदाहरण पुरेसे आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने २००७ मध्ये मुलांसाठी ‘स्क्रॅच’ नावाची मोफत प्रणाली प्रसिद्ध केली. एकदा संगणकावर घेतली, की ती इंटरनेटशिवायही चालते. तीत पडद्यावरील मांजराला आज्ञा देऊन आकृत्या काढता येतात. पुढे शंभर पावले जा, नव्वद अंशांत वळ, असे चार वेळा केले की चौरस होतो. मग समभुज त्रिकोण काढायला सांगितला, की मूल बहुधा साठ अंश लिहिते, कारण त्रिकोणाचा कोन साठ अंशांचा असतो हे त्याने पाठ केलेले असते. पण त्रिकोण जुळत नाही.

ज्या शिक्षकाचे प्रशिक्षण कळा दाबण्यापुरते झाले आहे, तो येथे ‘एकशे वीस लिही’ असे सांगून मोकळा होतो. जो खरा तयार झाला आहे, तो मुलांना अंगणात नेतो आणि त्या आज्ञांप्रमाणे एकाला चालायला लावतो. साठ अंशांत वळत गेलेल्या मुलाच्या पावलांनी धुळीत षट्कोन उमटतो. आपण आतला कोन मोजत होतो आणि वळायचे होते बाहेरच्या कोनातून, हे मुलांचे मुलांनाच उमगते. या पाठाला वीज लागली नाही, नेटवर्क लागले नाही. चूक म्हणजे अपराध नसून पुढे जाण्याची खूण आहे, हा संस्कारही सहज झाला. जेथे वीज जाते आणि मोबाईलला रेंज मिळत नाही, तेथे ही पद्धत कामचलाऊ पर्याय म्हणून पाहू नये. ती कोडिंगची भक्कम पहिली पायरी आहे.

भाषेचा मुद्दाही असाच सुटतो. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा पाठ्यपुस्तकांतील त्यांच्या क्यूआर कोडची सर्वत्र चर्चा झाली. पण त्यांनी पाठ्यपुस्तके मुलांच्या मातृभाषेत नेली होती, ही त्यांच्या कार्यातील तितकीच महत्त्वाची बाब चर्चेत मागे पडली. पावरी बोलणाऱ्या मुलाने अंगणात दिलेली पहिली आज्ञा पावरीत असावी. मराठी आणि इंग्रजी शब्द त्यावर मागाहून चढतील.

प्रशिक्षण कसे असावे?

प्रशिक्षणाचा उत्तम आदर्श याच जिल्ह्यात, मात्र शेतीच्या क्षेत्रात आहे. नंदुरबारचे कृषी विज्ञान केंद्र डॉ. हेडगेवार सेवा समिती चालवते. कृषी विज्ञान केंद्रांचा देशभर एकच मंत्र आहे: करून शिकणे. केवळ सभागृहातले भाषण ऐकून शेतकरी नवे बियाणे पेरत नाही. शेजाऱ्याच्या बांधावर उभे राहून पीक पाहतो, मग थोड्या क्षेत्रावर करून बघतो. शिक्षकही तसाच आहे. तालुक्याला बोलावून तीन दिवस पडदा दाखवला आणि प्रमाणपत्र दिले, तर तो परतल्यावर जुन्याच पद्धतीने शिकवणार, यात त्याचा दोष नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये माध्यमिकपूर्व टप्प्यावर कोडिंगचा समावेश सुचवला आहे आणि शिक्षकासाठी वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा आहे. हे तास एका आठवड्यात उरकण्याऐवजी वर्षभर वाटले गेले पाहिजेत. त्यासाठी नवी यंत्रणा नको. केंद्रस्तरावरील शिक्षण परिषदा आहेत, केंद्रप्रमुख आहेत, जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आहे. महिन्यातून एक पाठ सर्वांनी मिळून तयार करावा, तो आपापल्या वर्गात घ्यावा आणि पुढच्या परिषदेत तो कोठे फसला, हे मोकळेपणाने मांडावे. एका केंद्रातील दोन शिक्षक तरबेज झाले, तरी शेजारच्या पाड्यावरील शिक्षकाला विचारण्यासाठी हक्काचा माणूस मिळतो. शिक्षकांवरील माहिती भरण्याची आणि इतर अशैक्षणिक कामे कमी झाल्याखेरीज हे घडणार नाही, हेही स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

वेळ फार उरलेला नाही. २०२६-२७ या शैक्षणिक वर्षापासून इयत्ता तिसरीपासून कृत्रिम बुद्धिमत्ता आणि संगणकीय विचारपद्धती आणण्याची घोषणा केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये केली. देशात एक कोटीहून अधिक शिक्षक आहेत. पुण्या-मुंबईतील मुलाला शाळेत कमी पडले, तर घरी आई-वडील असतात, शिकवणी असते. अक्राणीतील पाड्यावरच्या मुलाला त्याच्या गुरुजींखेरीज दुसरा आधार नाही. शिक्षक तयार नसताना हा विषय आला, तर दोन मुलांमधील आजचे अंतर अभ्यासक्रमच वाढवील.

येथे समाजाचे कर्तव्य सुरू होते. शहरातील कुटुंबे आणि संस्था उदार मनाने जुने संगणक शाळांना देतात. त्यांची भावना चांगली असते, पण दुरुस्तीला कोणी नसले, की ते संगणक कोपऱ्यात धूळ खातात. त्याऐवजी पुणे, नाशिक, मुंबई येथील संगणक अभियंत्यांनी एका केंद्राशी वर्षभराचे नाते जोडावे. शिक्षकाला बाजूला सारून वर्ग घेण्यासाठी नव्हे, तर महिन्यातून एकदा शिक्षकांसोबत बसून त्यांचा पाठ समजून घेण्यासाठी आणि अडलेल्या ठिकाणी हात देण्यासाठी त्यांनी जावे. निवृत्त प्राध्यापकांनी गणिताची जोड द्यावी. गावातल्या शिकलेल्या तरुणांनी आज्ञा मुलांच्या बोलीत सांगण्याचे काम घ्यावे.

लोकसभेच्या मतदारसंघांत महाराष्ट्राची गणती नंदुरबारपासून सुरू होते. विधानसभेच्या यादीतही पहिला क्रमांक अक्कलकुव्याचा आहे. शिक्षकांच्या तयारीची यादी जेव्हा राज्यात आखली जाईल, तेव्हा तिचाही आरंभ येथूनच व्हावा. निदान येत्या जूनमध्ये शाळेची घंटा वाजण्यापूर्वी प्रत्येक तालुक्यातील एका तरी केंद्रात हे काम सुरू झालेले असावे, एवढी अपेक्षा उपस्थितांपैकी प्रत्येकाकडून आहे.