चिमूटभर विजेचा जमाखर्च



ज्या लायटरने आज सकाळी आपल्यापैकी अनेकांच्या घरची शेगडी पेटली असेल, त्यात ना बॅटरी असते ना तार. खटका दाबला की आतली लहानशी हातोडी एका सिरॅमिकच्या कांडीवर आदळते, आणि त्या आघातासरशी कांडीच्या दोन टोकांमध्ये काही हजार व्होल्टचे विभवांतर उत्पन्न होऊन ठिणगी पडते. ही कांडी बहुधा लेड झिर्कोनेट टायटॅनेटची, म्हणजे पेरोव्हस्काइट कुळातील असते. १८३९ मध्ये गुस्ताव्ह रोझ या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने उरल पर्वतातील एका खनिजाला लेव्ह पेरोव्हस्की या रशियन अंमलदाराचे नाव दिले. हा गृहस्थ पुढे झारचा मंत्री झाला. त्याच्या दफ्तरातील हुकूमनामे आज कोणाच्या स्मरणात नाहीत, नाव मात्र दगडामुळे टिकले. गंमत अशी की ज्या खनिजावरून, म्हणजे कॅल्शियम टायटॅनेटवरून, या कुळाची ओळख पडली, त्या मूळ पुरुषाच्या अंगी दाबून वीज देण्याचा गुण मुळीच नाही.

तो का नाही, हे समजले म्हणजे या विषयाचे मर्म हाती येते. दाबविद्युत् १८८० मध्ये जाक व प्येर क्यूरी या बंधूंना क्वार्ट्झ, टूर्मलीन इत्यादी स्फटिकांत आढळली, आणि तिची पहिली अट अशी की स्फटिकाच्या रचनेला सममितीचा केंद्रबिंदू असता कामा नये. कारण जेथे धन व ऋण भार सर्व बाजूंनी सारखे तोललेले आहेत, तेथे कितीही दाबले तरी तोल एका बाजूला ढळत नाही. पेरोव्हस्काइट कुळातल्याच बेरियम टायटॅनेटमध्ये सुमारे १२० अंश सेल्सियसच्या खाली असे घडते की ऑक्सिजनच्या सहा अणूंनी वेढलेला टायटॅनियमचा अणू आपल्या मध्यस्थानावरून किंचित सरकतो, आणि त्या यत्किंचित सरकण्याने स्फटिकाला एक विद्युत्-दिशा प्राप्त होते. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत अमेरिका, रशिया व जपान येथील संशोधकांनी या पदार्थाचे असामान्य विद्युत्-गुण परस्परांच्या नकळत शोधले.

परंतु भाजून घट्ट केलेल्या सिरॅमिकमध्ये असंख्य कण असतात व प्रत्येकाची दिशा निराळी, म्हणून एकाची वीज दुसरा खोडून काढतो. जत्रेच्या गर्दीत ज्याचे त्याचे तोंड भलतीकडे असावे आणि पालखी येताच सर्वांची तोंडे एकीकडे वळावीत, तसे तापवलेल्या सिरॅमिकवर प्रबळ विद्युत्-क्षेत्र लावले की कणांच्या दिशा पुष्कळ अंशी जुळतात, व ते क्षेत्र काढून घेतल्यावरही जुळलेल्या राहतात. या संस्काराला ध्रुवण म्हणतात. १९५४ च्या सुमारास बर्नार्ड जाफे व त्यांचे सहकारी यांनी शिसे, झिर्कोनियम व टायटॅनियम यांचे जे मिश्रण पुढे आणले, त्याचा दाबविद्युत् गुणांक क्वार्ट्झच्या शंभर-दीडशे पट भरतो, आणि सोनोग्राफीच्या यंत्रापर्यंत त्याचाच अंमल आजतागायत चालू आहे.

आता जमाखर्चाकडे वळू. रस्त्याखाली असे पदार्थ पुरून पादचाऱ्यांच्या पावलांवर शहरे उजळण्याच्या वार्ता अधूनमधून कानी येतात, आणि मला त्या ऐकून संकोच वाटतो. साठ किलो वजनाच्या माणसाच्या पावलाने फरशी पाच मिलिमीटर दबली, तर मिळणारी ऊर्जा फार तर तीन ज्यूल, आणि विजेचे एक युनिट म्हणजे छत्तीस लक्ष ज्यूल. म्हणजे वाटेत एक कणही वाया गेला नाही असे धरले तरी एका युनिटासाठी बारा लक्ष पावले हवीत! या पदार्थांचे मोल विजेच्या राशीत नाही. जेथे तार पोचत नाही आणि बॅटरी बदलणे महाग किंवा क्लेशकारक असते, अशा पुलाच्या कमानीतील वा शरीरातील उपकरणांत ते आहे. हृदयाच्या पेसमेकरला काही मायक्रोवॅटच लागतात, पण त्याची बॅटरी संपली की रुग्णाला पुन्हा शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागते. २०१४ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी याच शिसेयुक्त पदार्थाच्या अतितलम पट्ट्या लवचीक पडद्यावर बसवून गायी-मेंढ्यांच्या धडधडत्या हृदयावर लावल्या व त्या स्पंदनातून वीज मिळवून दाखवली. ही वीज दिशा बदलत येते, म्हणून तिला दिष्टकारकातून एकदिश करून संधारित्रात साठवावे लागते, आणि या हस्तांतरात बराच भाग गळतो.

शिशाच्या विषारीपणाचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. या सिरॅमिकच्या वजनात निम्म्याहून अधिक शिसेच असते. युरोपीय संघाने २००६ पासून विद्युत्-उपकरणांतील शिशावर निर्बंध घातले, तेव्हा तुल्यबळ पर्याय हाताशी नाही म्हणून या पदार्थाला सूट द्यावी लागली. २००४ मध्ये जपानी संशोधकांनी पोटॅशियम-सोडियम नायोबेटचे शिसेरहित सिरॅमिक जवळजवळ त्याच तोडीला आणले, पण अल्कली धातू भट्टीत उडून जातात आणि प्रत्येक घाण्याचे गुण सारखे ठेवणे जिकिरीचे होते. दुसरा मार्ग सेंद्रिय रेणू व धातूंचे हॅलाइड यांच्या संकराचा. हे पदार्थ भट्टीविना, द्रावणातूनच स्फटिकरूप घेतात व प्लॅस्टिकात मिसळून वाकवता येतात. पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेत अशा संकरित पदार्थांपासून ऊर्जा मिळवण्याचे काम चालू आहे. यांतील अनेकांना हवेतील दमटपणा सोसत नाही, आणि कोकणातल्या एका पावसाळ्यात टिकेल असे वेष्टन त्यांना कसे घालावे, हा प्रश्न रसायनशास्त्राइतकाच कारागिरीचाही आहे.