फुलाला ऱ्हस्व, दीपाला दीर्घ



सकाळपासून तिघांनी विचारलं, "अजून कॉम्प्युटरमध्येच का?" हो, नोकरी तीच आहे. पण आज बोलणार आहे ते रात्री जेवणं आटोपल्यावर मी जे बिनपगारी काम करते त्याबद्दल.

संगणकावर मराठी लिहिताना चुकलेल्या शब्दाखाली लाल नागमोडी रेघ येते ना? लिबरऑफिस, फायरफॉक्स यांमध्ये ही तपासणी हन्स्पेल नावाचा ओपन सोर्स प्रोग्राम करतो. तो मुळात हंगेरियन भाषेसाठी लिहिला गेला. तिथेही आपल्यासारखे शब्दाला प्रत्ययावर प्रत्यय चिकटतात, त्यामुळे तो मराठीला बरा मानवतो. त्याला प्रत्येक भाषेच्या दोन फायली लागतात. एकीत शब्द, दुसरीत प्रत्यय लावायचे नियम. अशाच एका मराठी शब्दसूचीची देखभाल मी हौसेने अंगावर घेतली आहे.

घर, घराला, घरातून, घरासमोरच्या... मूळ शब्द एकदाच लिहायचा, बाकीचे नियमाने तयार होतात. म्हणजे शाळेतलं सामान्यरूपच! पण माळीचं माळ्याला होतं आणि हत्तीचं हत्त्याला होत नाही. फूल-फुलाला ऱ्हस्व, पण दीप तत्सम, म्हणून दीपाला दीर्घच. तत्सम कोणता हे यंत्राला कुठून कळणार? माणसाने बसून एकेका शब्दापुढे खूण करावी लागते. तेव्हा व्याकरणाच्या बाईंचा आवाज कानात असतो. (बाई, हसू नका, खरंच असतो.)

अडचण अशी, की हे सगळं मी एकटी बघते. मार्च २०२४मध्ये एक्सझेड या फायली आकसवणाऱ्या प्रोग्रामचं प्रकरण उघडकीला आलं. जगभरच्या लिनक्स संगणकांवर असलेल्या त्या प्रोग्रामचा भार बहुतेक एकाच माणसावर होता, तोही विनावेतन. दमलेल्या त्या माणसाला कुणी अनोळखी मदत करू लागला. दोन वर्षांहून जास्त काळ नेटाने काम करून त्याने विश्वास मिळवला, किल्ल्या मिळवल्या आणि मग आत चोरवाट ठेवली. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, म्हणून एक इंजिनिअर खणत बसला, तेव्हा ती सापडली.

माझ्या सूचीत चोरण्यासारखं काही नाही, पण दमणं तेच. आणि मला त्याहून खटकतं ते दुसरंच. लोक विचारतात, "लई" हा शब्द लाल का? मला विचाराल तर तो सूचीत घ्यावा. पण कुठला शब्द चूक आणि कुठला बरोबर, हे मराठी लिहिणाऱ्या सगळ्यांसाठी एका इंजिनिअर बाईने रात्री साडेदहाला ठरवायचं?

आपल्यात मराठी शिकवणारे आहेत, शेती करणारे आहेत, कोकणात-विदर्भात सासर असलेल्या आहेत. कोडिंग अजिबात यायला नको. मला ओळखीची माणसं हवीत, निदान दोन तरी.

अडलेल्या शब्दांची यादी छापून आणली आहे. जेवणानंतर मी ग्रंथालयात बसते. बाई, तुम्ही याल ना? पेन्सिली आणल्या आहेत.