आजोबांना काय विचारायचं?



सुट्टीत नातू गावी येतो, आजोबांच्या पाया पडतो. "कितवीत गेलास रे?" "नववीत." "अभ्यास करतोस ना?" "हो." मग नातू विचारतो, "गोळ्या घेतल्या का?" आजोबा मान डोलावतात आणि बोलणं तिथंच संपतं. दोघांचा एकमेकांवर जीव असतो, यात शंका नाही. पण बोलायला विषय नसतो. मग एक ओसरीवर बसून राहतो, दुसरा मोबाईल घेऊन आत जातो. दोन पिढ्यांमधलं अंतर म्हणतात, ते मला बऱ्याच घरांत एवढंच दिसतं.

मी माण तालुक्यात इतिहास शिकवतो. आमच्याकडे 'बहात्तरचा दुष्काळ' म्हटलं की म्हातारी माणसं सरसावून बसतात. एका सुट्टीत मी मुलांना सांगितलं, पुस्तक उघडू नका. घरातल्या आजी-आजोबांना एवढंच विचारा : बहात्तरला तुम्ही कुठल्या कामावर होता आणि काय खात होता?

नववीतल्या एका मुलीचं उत्तर मी अजून विसरलेलो नाही. तिच्या आजोबांची नखं नेहमी तीच कापायची. डाव्या अंगठ्याचं नख जाड, मधोमध चिरलेलं. नेलकटरच्या तोंडात ते मावायचं नाही, म्हणून ती कुरकुरायची. तो अंगठा खडी फोडताना ठेचला होता, हे तिला त्या दिवशी कळलं. आजोबा तेव्हा सतरा वर्षांचे, म्हणजे तिच्या थोरल्या भावाएवढे. दगड उडू नये म्हणून त्याच्याभोवती रबराची कडी धरायची आणि वरून हातोडा घालायचा. ढीग मोजायचा ब्रासवर. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, आणि तेवढा भरेपर्यंत पाठ मोडून जायची. खायला मिलो नावाच्या लाल ज्वारीची भाकरी आणि कामावर वाटली जाणारी सुकडी. पोरीनं विचारलं, "हात ठेचल्यावर घरी गेलात?" आजोबा म्हणाले, "घरी जाऊन खाणार काय?"

१९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर जवळजवळ ५० लाख माणसं सरकारनं काढलेल्या अशा दुष्काळी कामांवर होती. त्या अनुभवातूनच पुढे १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. हे मी वर्गात दरवर्षी सांगतो. पण त्या वर्षी मुलांनी ते आपल्या घरातल्या माणसाबद्दल ऐकलं. ती मुलगी नंतर घरी रोज एक प्रश्न घेऊन बसायला लागली, आणि एरवी अबोल असलेले आजोबा तिची शाळा सुटायची वाट बघायला लागले.

हे उलट दिशेनंही होतं, नातवंडंही आजीला शिकवतात. ठाणे जिल्ह्यात, मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक योगेंद्र बांगर यांची ती कल्पना. साठी ओलांडलेल्या आज्या गुलाबी लुगडं नेसून, दप्तर घेऊन शाळेत जाऊ लागल्या. घरी आल्यावर त्यांचा अभ्यास घ्यायला नातवंडं होतीच. मला या शाळेचं फार अप्रूप वाटतं. आपण आजीला काही शिकवू शकतो, हे कळल्यावर त्या पोराला केवढा आनंद होत असेल!

आपल्या घरात मात्र आजीनं फोनचं काही विचारलं, की "दे इकडे, मी करतो" म्हणून आपण तो हातातून काढून घेतो. काम होतं, पण आजीला काही येत नाही. तिच्याच बोटानं तिला करू द्या. चार वेळा चुकेल, तेवढा वेळ तुम्ही शेजारी बसाल.

विचारताना थोडं सांभाळा. "तुमच्या काळी कसं होतं?" असं मोघम विचारलंत, तर "बरं होतं" एवढंच कानावर येईल. पहिली कमाई किती मिळाली, ती कुणाच्या हातावर ठेवली, असं नेमकं विचारा. सांगताना साल चुकलं तर मध्येच दुरुस्त करू नका. नीट ऐकू येणारा कान कुठला ते बघून त्या बाजूला बसा. आणि पहिल्या दिवशी काहीच बोलले नाहीत, तर पायांना तेल चोळून द्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा.