मीटरच्या पेटीचं दार



मित्रमैत्रिणींनो, संयोजकांनी मला सांगितलं की नागरिकाच्या जबाबदारीवर बोल. मी आयटीआय झालेला वायरमन आहे. सकाळपासून तुम्ही संविधानावर, शिक्षणावर चांगली भाषणं ऐकलीत. तसं मला येत नाही. मी एका दाराबद्दल बोलतो. ते दार मी स्वतः बसवलं होतं आणि चुकीचं बसवलं होतं.

रत्नागिरीत आमची तीन मजली जुनी इमारत आहे. नऊ बिऱ्हाडं, नऊ मीटर. मीटर फाटकाजवळच्या बाहेरच्या भिंतीवर, एका लोखंडी पेटीत. समुद्राची हवा आणि कोकणातला पाऊस, त्यामुळे पेटीचं दार गंजून एक दिवस गळून पडलं. मग कोणी त्यावर निवडणुकीचा फ्लेक्स टांगला. फ्लेक्स वाऱ्याने उडाला, तेव्हा कोणी प्लायवुड टेकवून ठेवलं. जिना सगळ्यांचा, फाटक सगळ्यांचं, पण दार कोणाचंच नव्हतं.

वरच्या मजल्यावरचे चाचा मला म्हणाले, "बेटा, तू शिकलेला आहेस, तूच काहीतरी कर." मी एका दुपारी भंगारातला पत्रा कापला, बिजागऱ्या ठोकल्या आणि दार लावलं. अर्थिंगची तार जोडायची राहिली. म्हटलं, पुढच्या रविवारी जोडू. तो रविवार आला नाही.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला. मी कापलेल्या पत्र्याची कड धारदार राहिली होती. दार उघडता-मिटता ती मीटरमधून घरात जाणाऱ्या एका वायरवर घासत होती आणि वायरचं आवरण कापलं गेलं. असरनंतर मुलं खेळत होती. चेंडू पेटीखाली गेला. नऊ वर्षांच्या एका मुलाने वाकताना ओल्या दाराला हात टेकला आणि तो हात तिथेच चिकटला. शेजारच्या खालांनी प्रसंगावधान दाखवलं. त्याला हाताने न ओढता घरातला कोरडा लाकडी पाट आणून त्याचा हात सोडवला. मूल वाचलं. तळहात भाजला, एक रात्र दवाखान्यात काढावी लागली.

त्या रात्री मला कोणी शिवी दिली नाही. त्याच्या वडिलांनी फक्त विचारलं, "चूक नेमकी कुठे झाली?" त्या प्रश्नाचं उत्तर आज तुम्हालाही देतो.

पहिली गोष्ट, पत्रा स्वतः वाईट नाही. तो जळत नाही, मजबूत असतो. पण तो वीज वाहून नेतो, म्हणून लोखंडी दार अर्थिंगला जोडलेलंच पाहिजे. बिजागरीवर भरवसा ठेवता येत नाही, कारण तिच्यात रंग आणि गंज बसतो. दारापासून चौकटीपर्यंत वेगळी, लवचीक तांब्याची तार हवी, आणि जोडाच्या जागी रंग खरवडलेला हवा. ती तार असती तर बराचसा प्रवाह जमिनीत गेला असता, फ्यूज उडण्याची किंवा गळती ओळखणारा स्विच पडण्याची शक्यता होती. ती नव्हती, म्हणून त्या मुलाचा हातच वाट झाला.

दुसरी गोष्ट, लोक म्हणतात लाकूड लावा, लाकडाला शॉक बसत नाही. कोरड्या लाकडापुरतं हे खरं आहे. पाणी प्यायलेलं प्लायवुड वीज नेऊ शकतं, त्याला वाळवी लागते, आणि पेटीत ठिणगी पडली तर तेच सरपण होतं. साधं अ‍ॅक्रिलिक पेट घेतं आणि वितळून ठिपकतं. स्वस्त प्लास्टिक उन्हाने ठिसूळ होतं. दुकानाच्या पाट्यांसाठी वापरतात ते चकचकीत एसीपी, म्हणजे दोन पातळ अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यांमध्ये भरलेला थर. स्वस्त मालात तो थर प्लास्टिकचा असतो. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला 14 जून 2017 रोजी आग लागली, 72 माणसं गेली. आग बाहेरच्या भिंतीवरून इतक्या वेगाने चढली, त्याचं मुख्य कारण अशाच प्लास्टिक गाभ्याचं आवरण होतं. म्हणून उरलेला तुकडा फुकट मिळाला तरी मीटरच्या पेटीला लावू नका.

मग काय लावायचं? आम्ही शेवटी एसएमसीची पेटी घेतली. काचतंतू आणि पॉलिस्टर राळ साच्यात गरम दाबून ही करतात. ती गंजत नाही, वीज वाहत नाही, आणि मीटरपेटीसाठी बनवलेला चांगला माल सहज पेट घेत नाही. खारी हवा तिला लोखंडासारखी खात नाही. रीडिंग दिसायला पॉलिकार्बोनेटची खिडकी घ्यावी, उन्हात टिकणारी, नाहीतर ती पिवळी पडते.

खरेदी करताना आयपीचा आकडा पाहा. आयपी 55 मधला पहिला 5 धुळीपासूनच्या बचावाचा, दुसरा 5 पाण्याच्या फवाऱ्यापासूनच्या बचावाचा. पण हा आकडा पूर्ण पेटीचा असतो. जुन्या वाकड्या चौकटीवर नवं दार ठोकलं की तो खोक्यावरच छापलेला राहतो. म्हणून आम्ही फक्त दार न बदलता अख्खी पेटी बदलली. वायरी खालून, रबरी ग्लँडमधून आत घेतल्या. दाराला रबरी पट्टी, स्टेनलेसची बिजागरी, वर पागोळीचं पाणी पुढे टाकणारं छोटं छप्पर. किल्ली एकाच घरात ठेवली नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. हे काम स्वतः करायला जाऊ नका. घरातला मेन स्विच बंद केला तरी खांबावरून मीटरपर्यंत येणारी वायर जिवंतच असते. मीटर आणि त्याचं सील वीज कंपनीचं असतं, आणि मीटरशी छेडछाड हा विद्युत अधिनियम 2003 प्रमाणे गुन्हा आहे. आम्ही लेखी अर्ज दिला, पोच घेतली, तीन वेळा फेऱ्या मारल्या. शेवटी कंपनीचा माणूस आला, पुरवठा बंद केला, आणि परवानाधारक ठेकेदाराने काम केलं. मी बाजूला उभा राहून बघत होतो.

पैशावरून भांडण झालंच. भाडेकरू म्हणाले, इमारत मालकाची, आम्ही का द्यायचे? मालक म्हणाले, वीज तुम्ही वापरता. दोन बैठका झाल्या. नऊ मीटर, नऊ वाटे, असं ठरलं. दोन घरांना जमत नव्हतं, त्यांचा वाटा बाकीच्यांनी उचलला आणि कोणाचा, ते वहीत लिहिलं नाही. मूल ज्या घरचं होतं, त्यांनी आपला वाटा सर्वांत आधी दिला. मला ते आजही बोचतं.

आज घरी गेल्यावर एवढं करा. आपल्या इमारतीची पेटी लांबून बघा, हात लावू नका. दार आहे का? कशाचं आहे? लोखंडी असेल तर अर्थिंगची तार दिसते का? आत पाणी, जाळी, कागद, जळकट वास आहे का? समोर मोटरसायकल लावलेली आहे का? काही चुकलेलं दिसलं तर 1912 वर तक्रार करा, तिचा क्रमांक लिहून ठेवा, आणि शेजाऱ्यांना एकत्र बसवा.

तो मुलगा आता सातवीत आहे. तळहातावर व्रण आहे. मला भेटला की तोच हात पुढे करून सलाम करतो. मी त्याचा हात हातात घेतो, आणि त्या न आलेल्या रविवारची आठवण होते.